भागीदारी करा, पण वस्तीला कळू देऊ नका

आरोग्य-संशोधनाच्या अनुदान अर्जात हल्ली ‘समाजाची भागीदारी’ असा एक रकाना असतो. घाबरू नका. अंतिम मुदतीच्या दोन दिवस आधी वस्तीतल्या एखाद्या संस्थेला फोन करून समर्थनपत्र मागा. मजकूर तुम्हीच लिहून पाठवा, त्यांनी फक्त सही-शिक्का करायचा. झाली भागीदारी.

संशोधनाचा प्रश्न मात्र आधीच पक्का करून ठेवा. लोकांना विचारायला जाल तर ते भलतंच सांगतात. तुम्हाला हवी असतात मधुमेहाची जनुकं, आणि ते म्हणतात, दवाखाना दुपारी बंद असतो, गटार तुंबलंय. यावर शोधनिबंध होत नाही. मान डोलवा, वहीत टिपून घ्या, वही कपाटात ठेवा.

अमेरिकेतल्या अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या पायरीवर लोकांना नुसतं खेळवणं, सगळ्यात वर लोकांच्या हाती कारभार. चित्र झकास आहे, सादरीकरणात जरूर लावा. चढायची सक्ती नाही.

सल्लागार समितीची बैठक कामाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, विद्यापीठात ठेवा. खाडा करून जो येईल तोच खरा तळमळीचा. मानधनाचं विचारलं तर तरतूद नाही म्हणा (तुमच्या पगाराची आहे, ते वेगळं) आणि प्रमाणपत्र द्या. लॅमिनेट केलेलं.

आता रक्त. संमतीपत्राची भाषा ऐसपैस हवी. अमेरिकेत ॲरिझोनातल्या हवासुपाई जमातीने १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं. त्याच रक्तावर पुढे स्किझोफ्रेनियाचा अभ्यास झाला, त्यांचे पूर्वज कुठून आले याचाही शोध झाला. लोक कोर्टात गेले. २०१० मध्ये तडजोड होऊन सात लाख डॉलर मोजावे लागले, वर उरलेलं रक्तही परत करावं लागलं. हा किस्सा वस्तीत सांगू नका. माणसं उगाच सही करण्याआधी कागद वाचायला लागतात.

अमेरिकेतल्याच टस्कीगी गावचंही नाव काढू नका. १९३२ ते १९७२, सिफिलिस झालेले ३९९ कृष्णवर्णीय पुरुष. पेनिसिलिन हाताशी आलं तरी त्यांना न देता आजार कसा वाढतो ते सरकारी डॉक्टर पाहत बसले. तरीही कुणी सुई टोचून घ्यायला कचरलं, तर अहवालात ‘समाजातील गैरसमज’ या मथळ्याखाली नोंदवा.

दक्षिण आफ्रिकेतल्या ‘सान’ नावाच्या आदिवासी लोकांनी तर २०१७ मध्ये संशोधकांसाठीच आचारसंहिता काढली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, आस्था, रीतसर परवानगी. म्हणजे आता ज्यांचा अभ्यास करायचा, तेच नियम घालणार!

निष्कर्ष वस्तीला सांगायचे राहून गेले तर मनाला लावून घेऊ नका. निबंध पैसे भरून कुणालाही वाचता येतो. फोन नंबर मात्र जपून ठेवा. पुढच्या अनुदानाला पुन्हा सही लागेल. त्यांनी फोन उचललाच नाही, तर ‘पोहोचण्यास कठीण समुदाय’ असं लिहा. त्यावर नवा प्रकल्प होतो.