मी, अण्णा आणि ट्रिपल सीट

ऑगस्ट २०११. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, चार विषय बॅक, आणि मी देश बदलत होतो.

खरं तर सुरुवात एप्रिलातच झालेली. धोनीने षटकार मारून वर्ल्डकप आणला आणि तीनच दिवसांनी अण्णा हजारे दिल्लीत जंतरमंतरवर उपोषणाला बसले: भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासायला लोकपाल नेमा म्हणून. आमच्या डोक्यात दोन्हींची भेसळ झाली. कप आला, आता लोकपाल! पाठिंब्यासाठी नुसता मिस्ड कॉल द्यायचा होता, हे तर फारच सोयीचं, कारण बॅलन्स कुणाच्याच फोनमध्ये नसायचा.

१६ ऑगस्टला अण्णांना अटक करून तिहारला नेलं. आम्ही लगेच कॉलेजला बुट्टी मारली. तशी रोजच मारायचो, पण त्या दिवशी देशासाठी.

घरी फोन करून बाबांना जनलोकपाल समजावला. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. शांतपणे सगळं ऐकून म्हणाले, "बरं. त्या लोकपालाला ऑफिस असेल?"

"असेलच की."

"मग टेंडर निघेल."

असा संताप आला! चार दिवस घरी फोन केला नाही. पाचव्या दिवशी केला, मेसचे पैसे भरायचे होते.

त्याच आठवड्यात मेणबत्ती मोर्चा झाला. घोषणा देऊन घसा बसलेला, डोक्यावर 'मी अण्णा हजारे' लिहिलेल्या पांढऱ्याशुभ्र टोप्या, आणि एका स्प्लेंडरवर आम्ही तिघं. चौकात मामांनी शिट्टी मारली आणि निवांत पावतीपुस्तक काढलं. मामा काहीच बोलले नव्हते हो. आमच्यातलाच एक, दहा मिनिटांपूर्वी सगळ्यात जोरात 'भ्रष्टाचार हटाओ' ओरडणारा, गाडीवरून उतरून लाडात म्हणाला, "मामा, पन्नासात बघा ना काहीतरी."

मामांनी तिघांकडे पाळीपाळीने पाहिलं. म्हणाले, "आधी टोप्या तरी काढा रे."

काढल्या. पुढचं विचारू नका.

रामलीला मैदानावरचं उपोषण २८ ऑगस्टला सुटलं, तेव्हा होस्टेलवर जिलेबी वाटली. आपण जिंकलो असं मला मनापासून वाटत होतं. नक्की काय जिंकलो ते सांगता आलं नसतं, पण तसं कुणी विचारतही नव्हतं. डिसेंबरात अण्णा मुंबईत एमएमआरडीए मैदानावर बसले, तर गर्दीच जमेना. दुसऱ्याच दिवशी उपोषण आटोपलं. लोक किती लवकर विसरतात, असं म्हणून मी फार हळहळलो. गोव्यात होतो तेव्हा. सुट्टी होती ना.

लोकपाल कायदा लागू झाला जानेवारी २०१४ मध्ये. पहिले लोकपाल नेमले गेले मार्च २०१९ मध्ये. तोवर माझं लग्न झालं, पोट सुटलं, आणि टोपी आईने माळा झाडताना डोक्याला बांधायला घेतली.

मग ऑक्टोबर २०२५ मध्ये बातमी वाचली: लोकपालांच्या कार्यालयाने सात बीएमडब्ल्यू गाड्यांसाठी टेंडर काढलंय. निमूटपणे बाबांना फॉरवर्ड केली. दोन निळ्या टिक्स आल्या. उत्तर काही नाही.

रात्री फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, ठेवता ठेवता म्हणाले, "पेट्रोल की डिझेल रे?"