कुंभीचे पाणी आणि वाहून गेलेली चप्पल : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आमच्या गगनबावड्याच्या सहलीवरील लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया वाचून दोन दिवस झाले. पहिल्या दिवशी मला तिचा राग आला. दुसऱ्या दिवशी ती मी माझ्या नवऱ्याला वाचून दाखवली आणि तो काहीही न बोलता चहा पीत राहिला, तेव्हा हे उत्तर लांबणार हे माझ्या लक्षात आले.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जुलैमधल्या एका रविवारी आम्ही दोघे फुलेवाडीहून मोपेडवर गगनबावड्याला गेलो. परतताना मांडुकलीजवळ कुंभी नदीचे पाणी रस्त्यावर आले होते. आम्ही त्यातून गाडी घातली, ती मध्येच बंद पडली आणि नवऱ्याची चप्पल वाहून गेली. मी हे सगळे हसतखेळत लिहिले होते. त्यावर आपण लिहिलेत की, चप्पल गेली म्हणून हसता आहात, माणूस गेला असता तर कोणत्या शब्दांत लिहिले असते. कोल्हापुरात राहून पाणी कळत नसेल तर निदान त्याची थट्टा तरी करू नये. शिवाय, ज्याच्या पाठीमागे बसून फिरता त्या नवऱ्याला संपूर्ण लेखात बावळट ठरवले आहे, हे शोभत नाही, असेही आपण म्हटले आहे. आणि शेवटी, तरुण जोडप्यांनी पावसाळ्यात मुकाट्याने घरी बसावे, असा सल्ला दिला आहे. आपण प्रयाग चिखलीचे आहात आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपण आपल्या घरातून बोटीत उतरला आहात, हे आपण सांगितले नसते तरी आपले पहिले म्हणणे मला मान्यच करावे लागले असते. ते सांगितल्यामुळे ते अधिक संकोचाने मान्य करते आहे, कारण कुंभीचे जे पाणी मला गमतीचे वाटले, ते पुढे भोगावतीतून आपल्याच गावाशेजारी येऊन पोहोचते.

पाणी कळत नाही, हे आपले वाक्य अगदी अक्षरशः खरे आहे. माझे माहेर जत तालुक्यात आहे. माझ्या लहानपणी पाणी म्हणजे टँकर, टँकरभोवतीच्या घागरी आणि त्यांवरून होणारी भांडणे. लग्न होऊन कोल्हापूरला आले त्या पहिल्याच पावसाळ्यात, पंचगंगेला पाणी वाढले की इथली माणसे संध्याकाळी लेकराबाळांसह ‘पाणी बघायला’ घाटावर आणि शिवाजी पुलावर जातात, हे पाहून मी चकित झाले होते. भाजलेले कणीस हातात घेऊन पूर पाहणारे दुसरे शहर माझ्या पाहण्यात नाही. त्या गर्दीत मीही उत्साहाने उभी राहिले आणि पाणी हे पाहण्याजोगे, आनंदाचे काहीतरी आहे, असा माझा समज झाला. नवऱ्याचे तसे नाही. त्याचे गाव करवीर तालुक्यातले, नदीकाठचे. त्याच्या आजीने घराच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा केलेल्या आहेत. आपण घाटावरून पाणी बघतो आणि पाण्यात गाडी घालतो, या दोन गोष्टींतले अंतर त्याला जन्मापासून ठाऊक आहे. मला ते त्या रविवारी कळले.

आता लेखात जे लिहिले नाही ते लिहिते.

आम्ही अगदीच बेफिकीरपणे निघालो नव्हतो, असे मी स्वतःला सांगत होते. सकाळी फोनवर बातमीत राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहिली होती. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे दोन आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात, आणि त्या दिवशी पाणी इशारा पातळीच्या बरेच खाली होते. एवढे पाहून मी निश्चिंत झाले, आणि चूक तिथेच झाली. राजाराम बंधारा शहराजवळ, पंचगंगेवर आहे. आम्ही जाणार होतो तो रस्ता कुंभीच्या खोऱ्यातून जातो आणि तिथले पाणी शहरातल्या आकड्याची वाट पाहत नाही. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि अवघ्या ५५ किलोमीटरवरच्या गगनबावड्यात त्याच्या पाचपटीच्या आसपास. डोंगरात रात्रभर कोसळलेला पाऊस आधी कुंभीत उतरतो, मग भोगावतीत, आणि राजाराम बंधाऱ्यावर तो दिसतो तेव्हा वरच्या बाजूचे रस्ते कधीच पाण्याखाली गेलेले असतात. म्हणजे मी पाहिलेला आकडा खरा होता, पण तो आमच्या रस्त्याचा नव्हता. त्याच बातमीत खाली पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची यादी दिलेली असते. ती नदीवार असते आणि त्यात कुंभीवरचे बंधारे होते. ती मी वाचलीच नाही. यादी कोण वाचते!

जाताना रस्ता कोरडा होता. गगनगडाच्या पायथ्याशी धुके इतके दाट होते की करूळ घाटाच्या तोंडाशी उभे राहूनही कोकण दिसले नाही. आम्ही टपरीवर गरम भजी खाल्ली, भांडलो, पुन्हा चहा घेतला. भांडण कशावरून झाले ते लेखात सविस्तर आहे, इथे पुन्हा सांगत नाही. दुपारी तीनच्या सुमारास परत मांडुकलीपाशी आलो तर रस्त्याचा उतरणीचा भाग पाण्यात गेला होता. पोलिसांचे बॅरिकेड अजून आलेले नव्हते, कारण पाणी नुकतेच चढले होते. एक एसटी अलीकडे थांबवलेली होती आणि तिचा चालक खाली उतरून शांतपणे तंबाखू मळत होता. एवढी मोठी गाडी थांबते तेव्हा मोपेडवाल्याने काय समजायचे असते, हे सांगायला कुणाची गरज पडू नये.

नवरा म्हणाला, ‘थांबू. लागलं तर रात्री इथंच कुणाच्या तरी ओसरीवर झोपू.’ हे त्याचे शब्द आहेत. माझ्या लेखात मात्र त्याच्या तोंडी वेगळे वाक्य आहे : ‘हुतंय काय त्याला, घाल गाडी!’ आणि त्यावर मी कपाळाला हात लावते, असे वर्णन आहे. काका, ते वाक्य माझे होते. सोमवारी सकाळी मला कार्यालयात लेखापरीक्षणासाठी हजर राहायचे होते, रजा शिल्लक नव्हती, आणि आमच्या पुढचा एक ट्रॅक्टर त्या पाण्यात उतरताना पाहून मी त्याला म्हणाले की याच्या मागोमाग जाऊ. तो दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा मी ‘भित्रा’ हा शब्द वापरला. लिहिताना हा प्रसंग उलटा करून घेतला, कारण गाडी पाण्यात घालणारा उतावळा नवरा आणि कपाळाला हात लावणारी बायको हे चित्र वाचकाला लगेच ओळखीचे वाटते, हसू येते, आणि दोष माझ्याकडे येत नाही. आपण ‘नवऱ्याला बावळट ठरवले’ म्हणालात. प्रत्यक्षात मी त्याहून वाईट केले आहे, माझी मूर्खपणाची कमाई त्याच्या खात्यावर जमा केली आहे. त्याने लेख वाचला होता, तरी तक्रार केली नाही. चहा पिताना तो गप्प का होता, ते आता मला कळते.

पाण्यात काय झाले तेही जसे झाले तसे सांगते. गढूळ, तांबूस पाण्यात रस्त्याची कड दिसत नाही. डांबर कुठे संपते आणि साइडपट्टी कुठे सुरू होते हे फक्त अंदाजाने ओळखायचे असते. पाणी घोट्याच्या थोडे वर होते. साचलेले असते तर तेवढे काही नव्हते, पण ते रस्ता ओलांडून शेतात वाहत होते. वेगाने वाहणारे सहा इंच पाणीही धडधाकट माणसाचा तोल घालवू शकते आणि फूटभर पाण्यात लहान चारचाकी उचलली जाते, हे मी नंतर वाचले. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. आम्ही ज्याच्या मागे निघालो तो ट्रॅक्टर मोठ्या चाकांवर सहज पुढे गेला, पण त्याने मागे सोडलेली लाट आम्हाला कडेला ढकलत गेली. अवजड वाहनाच्या मागे जाणे सुरक्षित, ही माझी समजूत तिथे संपली. मग गाडी बंद पडली. लेखात मी ‘गाडी रुसली’ असे लिहिले आहे. मोपेडचा पट्टा ज्या पेटीत असतो त्यात पाणी शिरले की तो घसरतो, इंजिन ओरडत राहते आणि चाक फिरत नाही. पुढे इंजिनही थांबते. मी मागून ‘स्टार्टर मार, स्टार्टर मार’ असे ओरडत होते. त्याने मारला नाही, कारण एअर फिल्टरमधून पाणी इंजिनात ओढले गेले तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग दुरुस्तीचा खर्च आमच्या महिन्याच्या भाड्याच्या वर जातो. तेवढे भान त्याला त्या अवस्थेतही होते.

आणि इथे ती दोन माणसे येतात, ज्यांना मी मूळ लेखात अर्ध्या वाक्यात गुंडाळले : ‘स्थानिकांच्या मदतीने बाहेर आलो.’ ती दोघे गावातली होती, एक विशीतला आणि एक पन्नाशीच्या पुढचा. ते कडेला नुसते पाणी पाहत उभे होते. आम्हाला कलंडताना पाहून ते एकमेकांचे हात धरून पाण्यात उतरले. वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला दंडाला धरून बाहेर काढले आणि मग ते पुन्हा आत गेले, गाडी धरून ठेवणाऱ्या माझ्या नवऱ्यासाठी. म्हणजे ज्या पाण्यात उतरायचे त्यांना काहीही कारण नव्हते, त्यात ते दोनदा उतरले, आणि तेही माझ्या सोमवारच्या हजेरीसाठी. आपण लिहिलेत की माणूस गेला असता. मी आतापर्यंत त्याचा अर्थ आमच्यापैकी कुणी, असा घेत होते. तो माणूस या दोघांपैकी कुणीही असू शकला असता, हा विचार आपली प्रतिक्रिया वाचेपर्यंत माझ्या मनात आला नव्हता.

सप्टेंबरमध्ये रस्ता कोरडा झाल्यावर आम्ही पेढ्यांचा पुडा घेऊन त्या गावात गेलो होतो. वडीलधारे गृहस्थ भेटले, पण त्यांना आम्ही आठवत नव्हतो. दर पावसाळ्यात असे दोन-चार जण ओढून काढावे लागतात, असे म्हणून त्यांनी पुडा ठेवून घेतला आणि आमच्या गाडीची चौकशी केली.

आता आपल्या शेवटच्या सल्ल्याबद्दल. तो मला मान्य नाही, आणि त्याचे कारण हट्ट नाही. माझा नवरा फाउंड्रीत पाळीने काम करतो. आम्हा दोघांची सुट्टी एकाच दिवशी महिन्यातून जेमतेम दोनदा येते. एरवी तो रात्रपाळीहून येतो तेव्हा मी डबा भरत असते, आणि आमचे बरेचसे बोलणे फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांतून चालते : गॅस संपला, घरमालकांना भाडे दिले, तुझ्या आईचा फोन आला होता. दोन खोल्यांच्या घरात, वर घरमालक राहत असताना, मोठ्याने भांडताही येत नाही. आमचे सगळे महत्त्वाचे बोलणे मोपेडवर झालेले आहे, वाऱ्यात ओरडून आणि अर्धे न ऐकून. चार महिने घरी बसायचे म्हणजे आमच्यासाठी चार महिने न बोलणे आहे.

शिवाय पावसाळ्यात फिरणे म्हणजे पाण्यात शिरणे नव्हे. यंदा आम्ही पन्हाळ्याला एसटीने गेलो, तीन दरवाजाजवळ भिजलो आणि सज्जा कोठीतून ढग पाहून संध्याकाळच्या गाडीने परतलो. केर्लीजवळ पाणी येण्याची चिन्हे आहेत असे कळले असते तर गेलोच नसतो. रात्री गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिऊन रंकाळ्याला एक फेरी मारणे, यालाही आम्ही सहलच म्हणतो आणि तिला एक तास पुरतो. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचे पाणी दत्तांच्या पादुकांवरून दक्षिण दरवाजाने बाहेर पडते तेव्हा हजारो भाविक त्यात स्नानाला जातात. पाण्याशी इथल्या माणसांचे नाते केवळ भीतीचे नाही, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. त्या पाण्याला वेळ, जागा आणि दोर धरणारी माणसे ठरलेली असतात. मांडुकलीच्या रस्त्यावर आमच्यासाठी यांतले काहीच ठरलेले नव्हते.

लेख काढून टाकावा, असे आपण सुचवले नाही, त्याबद्दल आभारी आहे. तो मी ठेवते आहे, पण आज त्यात दुरुस्त्या केल्या आहेत. ‘घाल गाडी’ हे वाक्य माझ्या नावावर घेतले आहे. राजाराम बंधाऱ्याच्या आकड्याबद्दलचा परिच्छेद नव्याने घातला आहे, आणि त्या दोन गृहस्थांना त्यांचे पूर्ण पान दिले आहे. गाडी रुसल्याचा विनोद काढला आहे. अजून एक खोटे त्यात होते, जे आपल्याही नजरेतून सुटले : चप्पल कोल्हापुरी होती, असे मी लिहिले होते. मृग लागायच्या आत चामड्याची चप्पल माळ्यावर टाकत नाही असा कोल्हापूरकर मिळणे अवघड आहे, आणि माझा नवरा तर दोन्ही पायांनी कोल्हापूरकर आहे. चपलेचा उल्लेख सगळाच काढणार होते, पण तेवढा राहू दे, असे तो म्हणाला, म्हणून ठेवला आहे. ती आता रबरी आहे.

आपली नम्र.