केसरबाई, दोन पिना आणि सहा उंडे

आमच्या फोंड्याच्या घराच्या सोप्यावर पत्रे आहेत, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या पत्र्यांवर जो पाऊस कोसळतो, त्याच्याखाली बसून गाणे ऐकणे म्हणजे पिठाच्या गिरणीत बसून पोथी ऐकण्यासारखे आहे. कानात घालायची बोंडे माझ्या कानांत टिकत नाहीत. ती चहाच्या कपात पडतात. माझी ही दैना पाहून पुतण्याने आपला जुना हेडसेट मला देऊन टाकला. पुतण्या वैमानिक आहे. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ झाल्यापासून तो कोणत्या विमानतळावर उतरणार आणि त्याला आणायला कोणी जायचे, यावर आमच्या घरात कायमचा वाद आहे. पण तो विषय वेगळा.

हा हेडसेट त्याच्या प्रशिक्षणाच्या दिवसांतला. ज्या लहान विमानांवर ही मुले शिकतात, त्यांत इंजिन नाकासमोरच असते आणि आतला गोंगाट नव्वद डेसिबलच्या घरात जातो. त्या गोंगाटाला आत येऊ द्यायचे नाही, एवढ्यासाठी या हेडसेटच्या वाट्या नारळाच्या करवंटीएवढ्या केलेल्या असतात आणि वरची पट्टी त्या कानांवर अशी आवळून धरते की, डोके सुपारीसारखे अडकित्त्यात सापडल्याचा भास होतो. मी तो चढवला आणि पाऊस थांबला. म्हणजे पागोळ्या समोर दिसत होत्या, जास्वंद झोडपली जात होती, पण आवाज कुठल्या तरी दूरच्या गावात पडणाऱ्या पावसासारखा येत होता.

या शांततेत केसरबाई केरकर ऐकू याव्यात, एवढीच माझी इच्छा होती. केसरबाई आमच्याच तालुक्यातील केरीच्या. त्यांची भैरवी १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीवर घालून अंतराळात धाडली आणि ती दोन्ही याने आज पृथ्वीपासून दोन हजार कोटी किलोमीटरांच्या पलीकडे आहेत. मला त्यांचा आवाज खिशातल्या फोनपासून कानापर्यंत, म्हणजे जेमतेम तीन फूट, न्यायचा होता.

अडचण पिनांची होती. फोनच्या हेडफोनला एक पिन असते. वैमानिकाच्या हेडसेटला दोन असतात. ऐकण्याची पिन ६.३५ मिलिमीटर जाडीची आणि बोलण्याची ५.२३ मिलिमीटरची. जाडी मुळात वेगळी असल्यामुळे जाड पिन बारीक भोकात जातच नाही. बोलण्याची आणि ऐकण्याची वाट वेगवेगळी ठेवण्याची ही दूरदृष्टी ज्याला सुचली, त्याने संसार केलेला असावा.

बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने त्या दोन पिना हातात घेऊन खालीवर पाहिल्या आणि विचारले, "भाई, हें कितें?" मी त्याला सविस्तर सांगितले. विमानाचा हेडसेट म्हटल्यावर दुकानातली आणखी तीन गिऱ्हाइके जवळ सरकली आणि त्यानंतर जे काही झाले ते पाच जणांच्या एकमताने झाले. ब्लूटूथचा एक लहानसा रिसीव्हर आणायचा, तो फोनकडून गाणे घेईल, आणि त्याचे तोंड मधल्या जोडणीतून हेडसेटच्या जाड पिनेला जोडायचे.

गाणे आले. पण इतके बारीक आले की केसरबाई खरोखरच व्हॉयेजरवरून गात आहेत असे वाटावे. दुरुस्तीवाल्याने त्याचे कारण सांगितले आणि ते बरोबरच होते: फोनच्या साध्या हेडफोनचा रोध बत्तीस ओहमच्या आसपास, तर या विमानी हेडसेटचा काहीशे ओहम. त्यामुळे बिचाऱ्या रिसीव्हरचा जोर पुरत नव्हता. या निदानावर दहा मिनिटे चर्चा झाल्यावर एका गिऱ्हाइकाला डाव्या वाटीखाली आवाजाची गोल कळ सापडली. पुतण्याने ती कमी करून ठेवलेली होती. कळ फिरवल्यावर अर्धा रोध तिथेच नाहीसा झाला.

घरी येऊन मी एक नवी मैफल लावली, तेव्हा त्यातला तबलजी उठून गेलेला होता. गायक समेवर येत होते, दाद घेण्यासाठी थांबत होते, आणि सम कुठेच नव्हती. पुतण्याला फोन केला तर तो हसत म्हणाला, "काका, तो हेडसेट मोनो आहे, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज. स्टिरिओच्या जागी मोनोची पिन घातली की उजवी बाजू थेट अर्थला मिळते आणि गप्प होते." तबला उजव्या बाजूला होता. केसरबाईंच्या वेळचे ध्वनिमुद्रण मुळातच एका वाटेचे असल्यामुळे त्यांना काही बाधा झाली नव्हती.

दुसऱ्या फेरीत दुरुस्तीवाल्याने महत्त्वाकांक्षा धरली. जोर वाढवण्यासाठी त्याने ॲम्प्लिफायर असलेला ब्लूटूथचा तुकडा आणला आणि तो करवंटीच्या आतच बसवला. अशा काही ॲम्प्लिफायरांच्या दोन तारांपैकी एकही तार अर्थ नसते, दोन्हींतून आवाजच वाहतो. आणि हेडसेटची एक बाजू तर अर्थला बांधलेली. परिणाम असा झाला की, माझ्या डाव्या कानाला आधी ऊब लागली आणि मग वास आला. त्या तुकड्याबरोबर माहितीचा कागद नव्हता. नासाने कोणालाही न दिसलेल्या परग्रहवासीयांसाठी तबकडीसोबत सुई दिली आणि ती कशी वाजवायची याची आकृती वेष्टनावर कोरली. फोंड्याच्या माणसाला मात्र सगळे उपजत येत असावे, असा त्या कारखानदाराचा समज दिसतो.

तिसऱ्या फेरीत दोन वाटांचा आवाज दोन रेझिस्टरांतून एकत्र आणून साध्या ॲम्प्लिफायरला दिला आणि तबलजी परत आला. मी सोप्यावर बसून दोन तास ऐकले. त्या दोन तासांत कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या, उंडे म्हणजे गोल पाव विकणारा पदेर भोंगा वाजवत येऊन गेला आणि बायकोने मला चार वेळा हाक मारली, असे मला नंतर कळले, आणि बऱ्याच वेळा कळले.

पुतण्याने फोनवरून मध्यस्थी केली. "काकी, विमानातही असेच असते, पण तिथे कंट्रोल टॉवरचा आवाज आला की गाणे आपोआप दबते." "मग घरातला टॉवर कोण?" असे विचारून तिने स्वतःच उपाय काढला. फोन आला की ब्लूटूथवरचे गाणे थांबते. तेव्हा ती स्वयंपाकघरातून मला फोन करू लागली. वीस पावलांवरून. माझ्याकडून मात्र शब्द जात नाही, कारण हेडसेटच्या माइकला विमानाकडून आठ ते सोळा व्होल्टचा दाब लागतो आणि तो देण्याची सोय आमच्याकडे नाही. दुरुस्तीवाल्याने ती बारीक पिन नुसती लोंबकळत ठेवली आहे. हुकूम पोचतो, उलट उत्तर येत नाही. बायको या यंत्रावर एकदम खूश झाली.

पण पुतण्याने आणखी एक नियम सांगून ठेवला आहे. टॉवरने परवानगी दिली की वैमानिकाने ती शब्दशः परत म्हणून दाखवायची, म्हणजे ऐकण्यात चूक झाली असेल तर तिथल्या तिथे पकडता येते. मला परत म्हणायला माइक नाही. म्हणून परवा संध्याकाळी भैरवी थांबून कानात आवाज आला, तेव्हा मी हेडसेटसकट, पिना लोंबकळत, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "पदेर आला आहे. सहा उंडे. समजले."

ती काहीतरी बोलली. मी उजवी वाटी उचलली.

"पाच," ती म्हणाली, "आणि पदेर गेला."