एरिक कार्ल आणि पोटदुखीचं न झालेलं भांडण

'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' या खादाड सुरवंटाच्या चित्रपुस्तकाचे लेखक-चित्रकार एरिक कार्ल २३ मे २०२१ रोजी गेले, तेव्हा त्यांच्या नावानं एक उतारा जगभर फिरला. पालकांच्या ग्रुपवर तो अजूनही अधूनमधून उगवतो. सार असं : सुरवंटाचं पोट दुखतं तो प्रसंग कार्लना नको होता, त्यानं बिनधास्त खावं असं त्यांना वाटत होतं, पण मुलांना धडा मिळावा म्हणून प्रकाशकानं तो घालायला लावला आणि दोघांत कडाक्याचं भांडण झालं.

कार्ल असं काही बोललेच नव्हते. 'द पॅरिस रिव्ह्यू' हे नियतकालिक लेखकांच्या लांबलचक मुलाखतींसाठी प्रसिद्ध आहे. २०१५च्या एप्रिल फूलला त्यांनी स्वतःच्याच त्या शैलीची थट्टा म्हणून ही मुलाखत रचली होती. सहा वर्षांनी कुणीतरी त्यातला तुकडा उचलला, तारीख गळाली आणि विनोदाची श्रद्धांजली झाली.

आता तो खलनायक प्रकाशक. खरी हकिगत नेमकी उलटी आहे. पंचिंग मशीननं कागदांच्या चळतीला भोकं पाडताना कार्लना पुस्तकं पोखरणारा किडा सुचला. विली नावाच्या किड्याची गोष्ट घेऊन ते संपादक अ‍ॅन बेनेड्यूस यांच्याकडे गेले. बाईंना किडा काही भावेना. सुरवंट केला तर, असं त्यांनी विचारलं आणि कार्लना लगेच फुलपाखरू दिसलं. पानागणिक रुंदी वेगळी आणि वर भोकं, असलं पुस्तक अमेरिकेत छापायला परवडेना, तेव्हा बेनेड्यूस यांनी जपानमध्ये छापखाना शोधला. म्हणून १९६९ साली ते निघू शकलं. अशा बाईंना प्रसिद्धी राहू दे, वर शिव्या!

काहींचं म्हणणं, "उतारा खोटा असेल, पण पुस्तक मुलांना खाण्याची लाज शिकवतंच ना?" त्यांनी पुस्तक पुन्हा उघडावं. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, असं शुक्रवारच्या पाच संत्र्यांपर्यंत जातं. ही पानं जिन्यासारखी रुंद होत जातात आणि प्रत्येक फळाला एक भोक, बरोब्बर लहान बोट जाईल एवढं. मग शनिवारी दहा पदार्थांची रांग. केक, आइस्क्रीम, सलामी, लॉलीपॉप आहेतच. पण काकडीचं लोणचं आणि कलिंगडाची फोडही आहे. 'वाईट खाणं' दाखवायचं असतं तर कलिंगड कशाला आलं असतं? त्या रात्री पोट दुखतं, रविवारी एक हिरवं पान खाऊन बरं वाटतं. ना आई रागावते, ना सुरवंट कानाला खडा लावतो. मग तो पानभर ऐसपैस पसरलेला. मजकुरात त्याला सरळ जाडजूड म्हटलंय, आणि ती तक्रार नाही. एवढं खाल्लं नसतं तर पुढे पंख कुठून आले असते? कार्ल स्वतः या पुस्तकाला आशेचं पुस्तक म्हणत. दुसऱ्या महायुद्धात, पंधराव्या वर्षी जर्मनीत सक्तीनं खंदक खणायला लावलेल्या माणसाच्या तोंडून आलेला तो शब्द मला त्या बनावट बंडखोरीपेक्षा कितीतरी जड वाटतो.

अशा मजकुराबरोबर 'पोरांची चित्रं काय, कुणीही काढेल' हा शेराही हमखास येतो. कार्ल टिश्यू पेपरवर आधी स्वतः रंग चढवत, ब्रशचे फराटे उठवत, आणि ते कागद रंगवार खणांत लावून ठेवत. मग कापून चिकटवायचं. सुरवंटाच्या अंगावरचा हिरवा जवळून पाहिला की एकच नाही. पोपटी, शेवाळी, मध्येच पिवळसर फटकारा.

भांडायचंच असेल तर एक खरा मुद्दा आहे. त्यांचं फुलपाखरू रेशमी कोशातून निघतं. असे कोश विणतात ते मुख्यतः पतंग; फुलपाखरांचे तसे नसतात, अपवाद थोडेच. शास्त्राच्या शिक्षकांनी हे कार्लना ऐकवलंच. माझा सुरवंट जगावेगळा आहे, अशा अर्थाचं उत्तर देऊन त्यांनी कोश होता तसाच ठेवला.