अनामिकेचा पेच

साखरपुड्याची तारीख ठरली तेव्हा आमच्या घरी कार्यालयावरून वाद होईल, अशी मी मनाची तयारी केली होती. प्रत्यक्षात वाद पेटला तो दोन अंगठ्यांवरून. आईच्या मते त्या आमच्या नेहमीच्या सोनारकाकांकडेच घडवायला हव्यात, कारण माझे कान त्यांनीच टोचले होते. सोनारानेच कान टोचावेत ही म्हण आमच्या घरी अक्षरशः पाळली गेल्यामुळे, माझ्या अंगावर पुढे चढणाऱ्या गुंजभर सोन्यावरही काकांचाच हक्क आहे, असे ती मानते. माझ्या भावी पत्नीला मात्र पावती, प्रमाणपत्र आणि निवड यांची हमी देणारी शोरूम हवी होती.

शोरूमच्या थंडगार दालनात आधी कॉफी आली आणि मग ट्रे. 22 कॅरेट म्हणजे हजारात 916 भाग शुद्ध सोने, 18 कॅरेट म्हणजे 750, हिरा घट्ट बसायला 18 चेच सोने बरे, हे विक्रेतीने शांतपणे समजावले. सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो आणि हिऱ्याचा कॅरेट वजन, हे मला तिथेच कळले. परंतु तोवर मी 22 कॅरेटचा हिरा दाखवायला सांगून बसलो होतो आणि तिच्या चेहऱ्यावर क्षणभर अपार आदर उमटून गेला होता. प्रत्येक अंगठीवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक होता, जो मोबाइलवर तपासता येतो. घडणावळ टक्क्यांत होती आणि या साऱ्यावर 3 टक्के जीएसटी.

काकांच्या दुकानात लाकडी बाक होता आणि नमुन्यांचे एक पुस्तक, ज्याची पहिली काही पाने बहुधा माझ्या बारशाच्या सुमारास गळाली असावीत. मी हॉलमार्कविषयी विचारताच आईने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी काकांकडे त्यांचा जन्मदाखलाच मागितला होता. काका मात्र हसून म्हणाले, "केंद्रातून करून आणू की." अंगठी केव्हा मिळेल, या प्रश्नाला त्यांनी "गुरुवारी" असे निःसंदिग्ध उत्तर दिले. कोणत्या गुरुवारी, हे सोनाराला विचारण्याची पद्धत नाही.

अखेर तह झाला: तिची अंगठी शोरूममधून, माझी काकांकडून. माझी तिसऱ्या गुरुवारी गुलाबी कागदात आली आणि बोटात नेमकी बसली. तिची, मखमली डबीतली, बोटातून सरळ घरंगळून पडली. माप कमी करण्यासाठी ती कारखान्यात पाठवावी लागेल व 15 दिवस लागतील, असे शोरूमने अत्यंत नम्रपणे सांगितले. साखरपुडा चार दिवसांवर होता.

आम्ही दोघे मान खाली घालून काकांपुढे बसलो. त्यांनी अंगठी काट्यावर ठेवली, भिंगातून हिरा न्याहाळला आणि किंमत विचारली. ती ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून सावकाश पुसला आणि आतल्या पोराला हाक मारली, "दोन चहा आण रे. साखर जरा जास्त."