सही विकत मिळते तेव्हा

2025 च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला होता, तेव्हा मला इथे कॅलिफोर्नियात सांगलीहून मित्राचा फोन आला. "तुमच्याकडे बरंय बुवा! कायदा पटला नाही की लोकच मत देऊन उडवतात. आम्हाला मोर्चे काढावे लागतात." (हिंदीविरुद्धचा मोर्चा निघण्याआधीच सरकारने शासन निर्णय मागे घेतले, ती गोष्ट वेगळी.)

बरंय खरं. कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवर माणसांच्या नावांखाली कायदेही असतात. रेल्वे कंपनीने विधानसभा खिशात घातली म्हणून 1911 साली लोकांनी हा हक्क मिळवला. राज्यपालपदाच्या मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या 5 टक्के सह्या आणा, म्हणजे सध्या साधारण साडेपाच लाख, की तुमचा कायदा थेट मतदानाला.

पण साडेपाच लाख सह्या चळवळीतल्या पोरांकडून क्वचितच होतात. आमच्या किराणा दुकानाच्या दारात सह्या मागणारा पोरगा बहुतेक वेळा पगारी असतो, कित्येकदा दर सहीमागे पैसे घेणारा. मी एकदा विचारलं, "तुझं स्वतःचं मत काय?" तो नुसता हसला. 2020 मध्ये उबर, लिफ्ट वगैरे ॲपवरून गाड्या पुरवणाऱ्या कंपन्यांनी 20 कोटी डॉलरहून जास्त ओतून 'प्रपोझिशन 22' (मतदानाला ठेवलेल्या प्रस्तावाला इथे प्रपोझिशन म्हणतात) मंजूर करून घेतलं आणि चालकांना कर्मचारी मानायची कटकट टाळली. ज्या पैशाला बाहेर काढायला ही वाट पाडली, तोच पैसा आता या वाटेने आत येतो.

आणि एकदा झालेलं सहजी निघत नाही. 1978 च्या 'प्रपोझिशन 13' ने करासाठी धरलेली घराची किंमत वर्षाला 2 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायला बंदी घातली; घर विकलं गेलं की मात्र ती नव्याने ठरते. शेजारच्या आजी तेव्हापासून त्याच घरात आहेत. तसंच घर माझं, पण मी उशिरा घेतलं, म्हणून कर त्यांच्या कितीतरी पट. आजींवर राग नाही. त्या बेघर झाल्या नाहीत, हे त्या कायद्यामुळेच. पण घरांच्या या नियमाला हात लावायला सहसा कोणी धजत नाही.

मित्राला म्हटलं, अरे, आपल्याकडे 'आडवी बाटली' आहे की! गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की दारू दुकानावर मतदान. उभी बाटली म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. सह्या गोळा करणारीला तिथे कोणी पैसे देत नाही, उलट घरी बोलणी बसतात. मला हे इथल्यापेक्षा जास्त लोकशाहीचं वाटतं.

"वाटेल तुला तिकडे बसून," तो म्हणाला. "आडव्या बाटलीला यादीतल्या मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. मुंबई-पुण्याला गेल्यामुळे जे मत पडलं नाही, ते दारूवाल्याच्याच बाजूने मोजलं जातं."

हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. इथे मतदानाला आलेल्यांतले निम्म्याहून जास्त झाले की काम फत्ते. इथे प्रश्न विचारणं महाग आणि जिंकणं सोपं. तिथे नेमकं उलटं. मित्र म्हणाला, "मग दोन्हीतलं चांगलं तेवढं घेऊन ये की डिसेंबरात. बॅगेत जागा असेल तर."