चौदाव्या वर्षी पदक नाही, म्हणून खेळ सोडायचा?

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक सल्ला सारखा फिरतो : मुलाला सातव्या वर्षीच एका खेळात घाला, दहा हजार तास सराव पुरा करा, चौदाव्या वर्षापर्यंत राज्य पातळीवर पदक नसेल तर नाद सोडा.

पहिलं कलम, लवकर सुरुवात. जिम्नॅस्टिक्सपुरतं ते बरंचसं खरं. पण बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्पर्धेत धावायला लागला तो सैन्यात गेल्यावर, विशी ओलांडून. त्याचा खेळ ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे २८ अडथळे आणि पाण्यावरून ७ उड्या. २०१८ मध्ये ८:२९.८० (आठ मिनिटं २९.८० सेकंद) अशी वेळ देऊन त्यानं १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे २०१९ मध्ये ८:२१.३७, २०२१ मध्ये ८:१८.१२, २०२२ मध्ये ८:११.२० आणि २०२४ मध्ये ८:०९.९१. सहा वर्षांत वीसेक सेकंद. आपल्याकडे एवढ्या काळात दोन प्रशिक्षक बदलून झालेले असतात.

चौदाव्या वर्षीचा निकाल हे त्या सल्ल्यातलं सगळ्यात घातक कलम. मुलांची उंची सर्वांत झपाट्यानं वाढते ती साधारण चौदाव्या वर्षी, मुलींची बाराव्या. पण यात दोन-दोन वर्षं मागेपुढे सहज होतं. म्हणजे या वयोगटात बऱ्याचदा जिंकतो तो आधी वाढलेला मुलगा. इतरांची उंची त्याला गाठते, तेव्हा तोच मागे पडतो. दर तीन महिन्यांनी उंची मोजून लिहून ठेवा. ती एकदम वाढू लागली की उड्या आणि वेगाचा सराव कमी करा, तोल आणि तंत्रावर भर द्या. या काळात धावण्याची वेळ बिघडते, कारण हातपाय लांब झालेले असतात आणि जुना अंदाज चुकतो. ही अधोगती नव्हे. कोल्हापूरकडचा नेमबाज स्वप्निल कुसाळे २००९ मध्ये, म्हणजे चौदाव्या वर्षीच, शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीत गेला. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत चौथा, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक प्रकारात पुन्हा चौथा, आणि २०२४ मध्ये पॅरिसला ४५१.४ गुणांवर ऑलिम्पिक कांस्य. हा सल्ला पाळला असता तर त्यानं रायफल हातातच घेतली नसती.

दहा हजार तासांचा आकडा तर खेळाडूंचा नाहीच. १९९३ च्या एका अभ्यासात बर्लिनमधल्या उत्तम व्हायोलिन विद्यार्थ्यांनी विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या रियाजाची ती सरासरी होती. सरासरी म्हटल्यावर त्यातले कित्येक त्याच्या खालीच असणार. वाढत्या मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांचा ठोकताळा वेगळा आहे : आठवड्याचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, आठवड्यात निदान एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षात तुकड्यातुकड्यांनी दोन-तीन महिने त्या खेळापासून दूर. बारा वर्षांच्या मुलाला रोज चार तास दिले तर तीन दिवसांतच ही मर्यादा संपते. गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखू लागलं की मूल सराव टाळतंय असं समजू नका. मांडीचा स्नायू जिथे वाढत्या हाडाला जोडलेला असतो, तिथे तो ओढ देत असतो. त्यावर पट्टी बांधून पळवलं, तर आठवड्यांचं दुखणं महिन्यांवर जातं.